धन्य तो हातोडा

जुन्या घरावरचे सिमेंटचे पत्रे उतरवायला कोणी पाना घेऊन निघाला, तर जुन्नर-आंबेगावात लोक त्याला हसतील, आणि हसलेच पाहिजे. गंजलेल्या जे-बोल्टवर तेल सोडायचे, नट हळूहळू सैल करायचा, मग चाळीस किलोच्या आसपास भरणारा दहा फुटी पत्रा तिघांनी दोराने अलगद खाली घ्यायचा, असल्या कामाला फार रिकामा वेळ लागतो. आपल्याकडे हातोडा आहे. मिस्त्री वर चढतो, बोल्टाच्या आजूबाजूला चार घाव घालतो आणि पत्रा आपोआप खाली येतो. येताना त्याचे तुकडे होतात. पण तुकडे घमेल्यात मावतात, अख्खा पत्रा मावत नाही. म्हणजे उतरवणे आणि भरणे ही दोन्ही कामे एका घावात उरकली. दुपारच्या भाकरीपर्यंत पडवी मोकळी, दिवस मावळेपर्यंत सारे घर आभाळाला उघडे. या वेगाचे कौतुक आजवर कोणी नीट केलेले नाही, म्हणून हा लेख.

या कलेला सध्या बरकतीचे दिवस आहेत. गवताच्या आणि कौलांच्या छपरांची जागा गेल्या काही दशकांत सिमेंटच्या पत्र्याने घेतली. तो गंजत नाही, पेट घेत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही आणि खिशाला परवडतो. मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात तो गोठ्यांवर, कोंबड्यांच्या शेडवर, कांद्याच्या बराखींवर चढला. वर आपटाळ्याकडे, डिंभ्याच्या मागच्या खोऱ्यांत सह्याद्रीच्या पावसाचा मारा झेलत राहिला. आता त्याचे वय झाले आहे. कुठे घरकुल मंजूर होऊन स्लॅब पडतो आहे, कुठे टोमॅटोला बरा भाव मिळाल्यावर निळा-लाल रंगीत पत्रा येतो आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आले, तेव्हा तर या दोन्ही तालुक्यांत हातोड्याचे काम वाऱ्यानेच फुकट करून दिले.

हा पत्रा सिमेंटचा, असे दुकानदार सांगतो आणि आपण ऐकतो. त्यात शंभरात आठ-दहा भाग क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस असते, हे कोणी विचारत नाही आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. नुसत्या सिमेंटचा इतका पातळ पत्रा ओतला तर उचलतानाच मोडेल. त्याला धरून ठेवतात ते हे खनिजाचे धागे. धागा उभा चिरत जातो, चिरत चिरत डोळ्यांना दिसेनासा होतो आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. तो जळत नाही, कुजत नाही. नाकातून आत गेला तर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार माणसाला कर्करोग देतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट म्हणणे आहे. पांढरे त्यातल्या त्यात सोज्वळ, असे ते विकणारे सांगतात. घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द आणि विकणाऱ्याचा शब्द खाली पडू देऊ नये अशी आपली रीत असल्याने आपण तो मानतो.

ब्रिटनने १९९९ मध्ये याच्यावर पूर्ण बंदी घातली, युरोपीय महासंघाने २००५ मध्ये, ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, आणि ज्या कॅनडाने शतकभर हे खनिज जगाला विकले त्यानेही २०१८ मध्ये. भारताचा मार्ग यांच्याहून शहाणपणाचा आहे. आपण १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबवले आणि रशिया, कझाकस्तानकडून माल आणून पत्रे करणे चालू ठेवले. आपली जमीन खणायची नाही, दुसऱ्याने खणलेले आणायचे. २००६च्या सुरुवातीला क्लेमान्सो ही फ्रान्सची निवृत्त विमानवाहू नौका तोडणीसाठी अलंगच्या वाटेवर होती. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस आहे म्हणून देशभर गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ती परत बोलवावी लागली. परक्यांचे टाकाऊ ॲस्बेस्टॉस या भूमीवर उतरू द्यायचे नाही, यावर तेव्हा सर्वांचे एकमत होते. त्याच वर्षी कोरे ॲस्बेस्टॉस आपल्या बंदरांत रीतसर पैसे मोजून उतरत होते, त्याबद्दलही सर्वांचे एकमत होते.

खरा वेडेपणा पाहायचा तर विलायतेतला पाहावा. तिकडे घरांच्या छतांना आतून नक्षीदार लेप द्यायची फार हौस होती. आर्टेक्स या नावाने तो ओळखला जाई. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यात पांढरे ॲस्बेस्टॉस घालत, तेही साधारण दोन-चार टक्के. आपल्या पत्र्याच्या निम्मेसुद्धा नाही. एवढ्याशा भेसळीपायी ती माणसे केवढा घोर करतात. आधी छताचा एक लहानसा तुकडा ओला करून खरवडतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. ॲस्बेस्टॉस निघाले तर पहिला सल्ला असतो की हात लावू नका, वरून दुसरा गिलावा करून ते झाकून टाका. काढायचेच असेल तर खोलीत प्लॅस्टिक अंथरतात, दार बंद करतात, लेप भिजवून मऊ करतात, योग्य मुखवटा लावून हळूहळू खरवडतात, सगळा राडा दोन-दोन पिशव्यांत बांधतात आणि नेमून दिलेल्या जागीच नेऊन देतात. अमेरिकेने असल्या फवारलेल्या छतांवर १९७८ मध्येच निर्बंध आणले. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात तर घरांच्या माळ्यांत सुटे ॲस्बेस्टॉस भरलेले निघाले, म्हणून २०१४ मध्ये सरकारने हजारावर घरे विकत घेऊन पाडायला काढली. आपल्याकडे घर पाडायला सरकार लागत नाही, एक मिस्त्री आणि हाताखाली दोन माणसे पुरतात.

मिस्त्रीच्या तोंडाला रुमाल असतो, हे सांगायला हवे. नाहीतर आपल्याकडे काळजी घेत नाहीत असा गैरसमज व्हायचा. रुमालाच्या दोन धाग्यांमधून हे तंतू बिनधास्त आरपार जातात. फुप्फुसात खोल शिरणारे तंतू जाडीला तीन मायक्रॉनहूनही कमी असतात, माणसाचा केस सत्तरच्या आसपास. पण रुमाल बांधला की काळजी घेतल्याचे समाधान मिळते, आणि समाधान छातीच्या छायाचित्रात दिसत नाही. पाणी मारून पत्रा भिजवला असता तर धूळ दबली असती. परंतु पत्रे उतरवायचा हंगाम म्हणजे चैत्र-वैशाख, आणि डिंभ्याच्या वरच्या गावांत तेव्हा पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. धूळ कोरडीच झाडली जाते. हाताखालची बाई खराटा घेते, पांढऱ्या भुकटीचा लोट उठतो, ती पदर नाकाला लावते आणि घमेले डोक्यावर घेते. तुकड्यांतून गळालेली भुकटी तिच्या केसांत, चोळीत, खांद्यावर बसते. ती तशीच घरी जाते, पोराला जवळ घेते, नवऱ्याचे आणि स्वतःचे कपडे ओढ्याच्या दगडावर आपटते.

या शेवटच्या गोष्टीवर मी थोडा थांबतो. १९६५ मध्ये मॉली न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी लंडनच्या एका रुग्णालयातले मेसोथेलिओमाचे ७६ रुग्ण तपासले. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. त्या ७६ जणांत नऊ असे निघाले की ज्यांनी ॲस्बेस्टॉसचे काम कधीच केले नव्हते. त्यांच्या घरातले कोणीतरी ते काम करी. नवांत सात बायका होत्या. बहुतेकींनी काय केले होते, तर कामावरून आलेले धुळीचे कपडे धुतले होते. त्याआधी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या भागातून वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे ३३ रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतले काही जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, फक्त त्या भागात लहानाचे मोठे झाले होते. तिथले ॲस्बेस्टॉस निळे होते आणि पांढऱ्यापेक्षा ते जास्त जहाल असते, हे खरे. म्हणून आपल्या बाईच्या पदरावरची भुकटी निरुपद्रवी ठरते काय?

या धुळीचा सर्वांत मोठा सद्गुण म्हणजे तिचा संयम. ती आज खोकला आणत नाही, डोळे झोंबवत नाही, मजुरी बुडवत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षे ती गप्प राहते. तोवर मिस्त्री म्हातारा होतो, घरमालक बदलतो, त्या पत्र्याचा एक तुकडाही जागेवर राहत नाही. मग कधीतरी चढ चढताना दम लागतो, छातीत पाणी होते. अशा रुग्णाला आपल्याकडे आधी क्षयाचीच औषधे सुरू होतात, कारण छातीतले पाणी म्हटले की क्षय हेच आपल्या भागातले रोजचे उत्तर. आणि तीस वर्षांपूर्वी काय फोडले होते हे डॉक्टर विचारत नाही, रोग्याला आठवत नाही. कार्यकारणाचा दोरा इतका सफाईने तुटलेला दुसरा अपमृत्यू सापडायचा नाही. बिबट्याला ही हुशारी जमलेली नाही. तो उसातून निघून माणसावर झेप घेतो; त्याच दिवशी पंचनामा होतो, पिंजरा लागतो, रस्ता अडवला जातो, भरपाईची फाइल हलते, आणि पकडलेला बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो. धुळीसाठी पंचनामा नाही. खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीच्या तीस तबकड्या याच भागात बसून दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकतात. त्यांच्या आसपासच्या वस्त्यांत पत्रा फोडणाऱ्याच्या छातीची घरघर त्याची बायको तेवढी ऐकते.

हातोडा उतावळाही आहे, हे कबूल करावे लागेल. जुना सिमेंटचा पत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि माणसाच्या भाराने मधोमध फुटतो. शेवाळलेल्या पत्र्यावर बिनफळीचा चाललेला माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. त्याला तीस वर्षे थांबावे लागत नाही.

आता राहिला राडारोडा. इथे आपली काटकसर जगाने शिकावी. धड राहिलेला पत्रा वाया जात नाही. तो गरिबाच्या न्हाणीची भिंत होतो, खुराड्याचे छप्पर होतो, सरपणावर झाकण म्हणून पडतो, गटारावर पूल होतो. तुटका तुकडा शेतरस्त्याच्या खड्ड्यात जातो आणि त्याच्यावरून ट्रॅक्टर, पिकअप, दुधाच्या गाड्या फिरून त्याचे बारीक पीठ करतात. गोठ्यात मुरमाच्या जोडीला तो पडतो आणि म्हशीचे खूर तेच काम करतात. त्याहून उरलेला माल पहाटे गायरानात, बंद पडलेल्या दगडखाणीत, नाहीतर मीना, घोड, कुकडीला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्यात रिता केला जातो. शाळा सुटल्यावर पोरे त्या ढिगाऱ्यातला चपटा तुकडा शोधून लगोरी रचतात. घंटागाडी हा माल घेत नाही, म्हणून ग्रामपंचायतीकडे त्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणून तो गावात निर्माण होतच नाही. गाव स्वच्छ ठेवण्याची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

कायद्यानेही हातोड्याला उदारपणे वागवले आहे. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत ॲस्बेस्टॉसचे नाव पहिल्याच अनुसूचीत आहे: त्याच्या वस्तूंचे उत्पादन करताना निघणारे अवशेष, धूळ, टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस, सगळे घातक. पण ती यादी उत्पादनाच्या उद्योगाची. तुटलेला पत्रा कारखान्याच्या फाटकाच्या आत असला तर घातक कचरा, तोच पत्रा आळेफाट्याच्या पुढे एखाद्या मळ्यात फुटला तर नुसता राडारोडा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपा असे कारखान्यांना सांगितले आणि बाधित कामगाराला एक लाखाची भरपाई ठरवली. चाळीस वर्षे, कारण रोग उशिरा येतो हे न्यायालयाला कळले होते. निकाल थोर आहे. ज्याची हजेरी कुठल्याच मस्टरवर लागत नाही त्या रोजंदारीच्या माणसाची नोंद चाळीस वर्षे कोण आणि कुठल्या वहीत ठेवणार, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयापुढे नव्हता.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की जागा जवळच आहे. घातक कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरणारे केंद्र पुणे जिल्ह्यात आहे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, शेजारच्याच शिरूर तालुक्यात. ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज जुन्नर तालुक्यात, महागणपती रांजणगावात. यात्रेच्या गाड्या वर्षभर या वाटेने ये-जा करतात. या वाटेने दोन तालुक्यांतल्या फुटक्या पत्र्यांची एक रीतसर गाडी जायला हवी. कारखान्यांचा माल तिथे पोचतो. गावाचा माल ओढ्यात जातो, कारण तो उचलून तिथवर न्यायचा कोणी आणि पैसे द्यायचे कोणी, हे कुणीच ठरवलेले नाही.

हातोड्याचे पोवाडे इथे थांबवतो, कारण पुढचे सरळ सांगितले पाहिजे. डोक्यावरचा पत्रा अखंड असेल तर घाबरून तो आजच काढायला जाऊ नका. सिमेंटने धरलेले तंतू धरलेलेच राहतात. तो फोडला, कापला, घासला, भोक पाडले की सुटतात. त्याला ग्राइंडर लावू नका, शेवाळ काढायला तारेचा ब्रश चालवू नका, सौर पॅनेल किंवा टाकी बसवण्यासाठी त्यात नवी भोके पाडू नका. काढायचाच असेल तर वारा पडलेली वेळ पाहा, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा, घरातली धान्याची कणगी आणि पाण्याची भांडी आधी बाहेर काढा. औषध फवारायच्या पंपाने, तो स्वच्छ धुऊन, पत्रा दोन्ही अंगांनी भिजवा. टँकरच्या गावातही चार पंप पाणी या कामाला काढा. त्याहून चांगल्या कारणी ते लागणार नाही. पंपात थोडा साबण टाकला तर पाणी चांगले मुरते. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका, कमरेला दोर बांधा. बोल्ट पान्याने सोडवा. सुटत नसेल तर बोल्ट कापा, पत्रा नको. पत्रा अख्खा खाली घ्या, जाड प्लॅस्टिकच्या कागदात दुहेरी गुंडाळा, चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत ॲस्बेस्टॉस लिहा. खाली पडलेली भुकटी झाडू नका. ओल्या फडक्याने टिपा आणि फडकेही त्याच गाठोड्यात टाका.

मुखवटा साधा चालत नाही. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा, एफएफपी३ किंवा एन१०० दर्जाचा घ्या. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. काम संपल्यावर तिथेच अंगावर पाणी घ्या, कामाचे कपडे वेगळे ठेवा, ते घरच्या बाईच्या हातात देऊ नका. फुटकी खापरे वाटेत टाकू नका, रस्त्याच्या भरावात देऊ नका, जाळू तर मुळीच नका. आगीत हा पत्रा तडतडून फुटतो आणि तंतू लांबवर उडतात. रांजणगावची वाट खुली होईपर्यंत गुंडाळलेली चवड वस्तीपासून दूर, पाण्याच्या वाटेत नसलेल्या जागी, झाकून ठेवा.

या सगळ्याचा खर्च म्हणजे एक जादा दिवसाची मजुरी, थोडे प्लॅस्टिक आणि माणशी एक मुखवटा. घरमालकाने तो खर्च मिस्त्रीच्या अंगावर टाकू नये आणि मिस्त्रीने हाताखालच्या बाईचा मुखवटा वाचवू नये. पत्रे विकणारे आजही फायदा कमावतात; जुना माल परत नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर कायद्याने टाकली पाहिजे. आणि जुन्नरची नगरपरिषद, मंचरची नगरपंचायत, दोन्ही पंचायत समित्या आणि प्रत्येक ग्रामपंचायत यांच्याकडे आपण एवढेच मागू: येत्या उन्हाळ्यात पत्रे उतरायला लागण्याआधी तालुक्यात एक बंदिस्त जागा ठरवा, गावोगावची गुंडाळलेली चवड तिथे घ्या आणि तिथून गाडी रांजणगावला धाडा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, आणि ठरावाची नक्कल घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.